बर्फातल्या बागेचा मांडव

समोरच्या काकूंना मी कधी निवांत बसलेलं पाहिलं नाही. त्यात लेकीने कॅनडात घर घेतलं आणि मागच्या जागेत भाजी-फुलं एकत्र लावायचं ठरवलं. तेव्हापासून काकू इथे यवतमाळात, सडा टाकलेल्या अंगणात, रोज रांगोळीने ती बाग आखतात आणि दुपारपर्यंत दोनदा पुसतात. अंबाडीचं बी त्यांनी फ्रीजरमध्ये ठेवलंय. मला फाटकाशी गाठून विचारतात, "भाऊ, बर्फात जगन काय हे?" उत्तराला थांबत नाहीत. त्यांची ही घालमेल मला पाहवत नाही.

काल मोबाइलवर त्या लेकीला आखणी दाखवत होत्या. कडेला झेंडू, मधे पालक, पश्चिमेला दोडक्याचा मांडव आणि त्याच्या सावलीत एक बाज.

"आई, मांडव कायले? इथं ऊनच पुरत नाही, सावली काय करू?"

फोन ठेवून काकूंनी मांडव पायाने पुसला. बाज राहिली.

"ही नाही पुसायची?" मी विचारलं.

"मंग मी तिथं गेली त बसू कुठं?" म्हणत त्या रांगोळीच्या बाजेवरच टेकल्या, आणि लगेच उठल्या. बाज साडीला लागून आली होती.