थ्रेनल

“दावा की मला, कुठाय ह्यात त्यो शब्द?”

पद्मजाचे वडील ओरडत होते. इंग्रजीची जाडजूड डिक्शनरी त्यांनी दोन्ही हातांत वीट धरावी तशी धरली होती. “मोबाईलात न्हाय, पुस्तकात न्हाय. मग पोरीच्या डोस्क्यात आला कुठनं?”

भर दुपार. क्लासच्या पुढच्या खोलीत प्रवेशासाठी आलेले पंधरा-वीस पालक, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. त्यानंतर मी जे केलं ते आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही. ज्या मित्रांना मी न घडलेल्या गोष्टीसुद्धा मीठमसाला लावून वाढतो, त्यांच्याही नाही. तुम्हाला का सांगतोय? बसा, तेही कळेल. किंवा नाही कळणार.

आधी माणूस ओळखून घ्या. मी कोल्हापुरात इंग्रजीचा क्लास चालवतो आणि अख्ख्या पेठेत थापाड्या म्हणून नावाजलेला आहे. माझ्या आजोबांनी वाघाबरोबरची कुस्ती बरोबरीत सोडवली, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच वाघाचा वास येतो. साधं इंग्रजी काय, गल्लोगल्ली शिकवतात. माझ्या पाटीवर लिहिलेलं असायचं — ‘रोज पाच दुर्मिळ शब्द’. साहेबालासुद्धा घाम फुटावा असले शब्द. पोरं इचलकरंजीहून यायची, बिद्रीहून यायची.

पण रोज पाच म्हणजे किती होतात, हिशेब केलाय कधी? एका दिवशी चार झाले आणि पाचवा आठवेना. चाळीस पोरं पेन उचलून बसलेली. खडू फळ्यावर टेकला आणि — कसं सांगू — हात आपसूक चालला. थ्रेनल. अर्थही मागोमाग आला: नुकतंच कुणी उठून गेल्यावर त्या जागेवर राहिलेली ऊब.

चाळीस पेनं एकदम चालायला लागली. अशी मजा मला खऱ्या शब्दांनी कधी दिली नव्हती. त्यानंतर रोज चार शब्द डिक्शनरीतले आणि एक माझा.

पद्मजा उचगावची. वडिलांचं खत-बियाणांचं दुकान, आणि घरात इंग्रजी वाचणारी ही पहिलीच. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसायची. प्रत्येक शब्दाखाली स्वतःची तीन वाक्यं लिहायची, आणि मी त्याखाली लाल पेनानं बरोबरची खूण करून सही ठोकायचो. न वाचता? नाही हो, वाचून. थ्रेनलखालची तिची वाक्यं इतकी सुंदर होती, की क्षणभर मलाच वाटलं, शब्द असेलही कुठंतरी.

तिला शाळेत इंग्रजी शिकवायचं होतं. मुलाखतीला तिनं तो शब्द वापरला. समोरच्यांनी मोबाईल काढले. शब्द सापडेना. तिनं माघार घ्यायची की नाही? नाही घेतली. आमच्या सरांनी शिकवलाय म्हणजे आहेच, म्हणाली, आणि माझेच आणखी दोन ऐकवले. बाहेर बसलेल्या वडिलांना कुणीतरी सांगितलं, मुलगी मनानं शब्द बनवते, जरा लक्ष द्या तिच्याकडं.

म्हणून ते आले होते. डिक्शनरी तिची, वही तिची, आणि त्यांना स्वतःला इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं. ओरडून दमल्यावर त्यांनी वही माझ्या हातात दिली. “येवढंच सांगा, सर. तुमी शिकिवला, का हिनं मनानं केला?”

वही उघडली तर तेच पान निघालं. तिचं एकसारखं अक्षर. तीन वाक्यं. खाली माझी लाल सही. मी ते पान वाचलं — पूर्ण वाचलं, ऐकताय ना? — आणि म्हणालो, “असला शब्द ह्या वहीत कुठंच नाही.”

मग वही मिटून खणात टाकली.

पद्मजा दारात उभी होती. मला वाटलं, झडप घालेल. तिनं फक्त हाताचा उलटा पंजा स्वतःच्या कपाळाला लावून बघितला, ताप आहे का बघतात तसा. वडिलांनी माझी माफी मागितली. पालकांपैकी चौघांनी त्याच दुपारी प्रवेश घेतले.

ती परत आली नाही. तिसरा बाक मोकळा राहिला. बॅच गच्च भरलेली, पण तिथं कुणी टिकेना. एका पोराला झापलं तर म्हणाला, “सर, गरम लागतंय.” पोरं गेल्यावर मी तळवा टेकवला. ऊब होती. खिडकी बंद, त्या बाजूला ऊन कधीच येत नाही. बाक मोडीत काढला, जागेवर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. आठवडाभरानं खुर्चीवर हात ठेवला आणि उचलून घेतला.

हसा. थापाड्याच आहे मी. पण वाघाच्या गोष्टीत मी जेवढं वाढवलं, त्यातला कणभरही इथं वाढवलेला नाही. असं म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार, सांगा? तिच्यावर तरी कुणी ठेवला?

उचगावच्या एका पोराकडून तिचं कळत राहिलं. इंग्रजी सोडलं. दुकानात बसते. आपण दार लावलं का, आपलं जेवण झालं का, हे आईला विचारते. आई हो म्हणाली तरच खरं मानते.

गेल्या महिन्यात मी वही घेऊन उचगावला गेलो. ती गल्ल्याशी एकटीच, बियाणांची पाकिटं लावत होती. वाटेत चार वाक्यं घोकली होती, त्यातलं एकही तोंडातून निघेना. माझ्या तोंडातून, बघा. शेवटी पान उघडून तिच्यापुढं ठेवलं आणि माझ्या लाल सहीवर बोट टेकवलं.

तिनं सगळं वाचलं. हळूहळू, प्रत्येक ओळीखाली बोट धरून. मग वही मिटली, माझ्या बाजूला सरकवली आणि पुढचं पाकीट उचललं.

“हे अक्षर माझं न्हाय, सर.”