बिनशेपटीचा मारुती

पांजरपोळ म्हणजे ज्यांचा कुणाला उपयोग उरला नाही अशा जनावरांची सोय. आमचा पांजरपोळ सोलापूरच्या वेशीबाहेर होता. त्यात लंगडे बैल होते, आटलेल्या गाई होत्या, टांग्यातून सुटलेली आंधळी घोडी होती आणि मी होते. लग्नानंतर लवकरच नवरा प्लेगात गेला. सासरच्यांनी न्हाव्याकडून माझं डोकं करवलं, अंगावर विधवेचं लाल आलवण चढवलं आणि मला परत धाडलं. धाकटा भाऊ पांजरपोळाचा कारभारी होता. त्याची बायको वारलेली, तेव्हा चुलीपुढे बसायला कुणीतरी हवंच होतं. भाकड जनावराला नाही म्हणायचं नाही असा तिथला नियमच असल्यामुळे माझी सोय लागायला काही अडचण आली नाही.

त्याच नियमानं ती दोघंही आली. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत एक सर्कस आली होती. गड्ड्याच्या मैदानावर तिचा तंबू लागला आणि तिथंच ती बुडाली. वाघ कुणा संस्थानिकानं नेले, हत्ती एका मठानं नेला, घोडे टांगेवाल्यांनी नेले. उरले आफ्रिकेतले दोन चिंपांझी, एक नर आणि एक मादी. त्यांना कोण नेणार? मालकानं पिंजऱ्याची गाडी आमच्या दारात आणून सोडली, डोळे पुसले आणि मिळेल त्या आगगाडीनं तो निघून गेला.

"घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं," मी भावाला म्हटलं.

"आक्का, नियम आहे," तो म्हणाला. माझा भाऊ नियमानं जांभई देणारा माणूस होता.

घोड्यांच्या जुन्या, रिकाम्या तबेल्याला पुढून गज ठोकले आणि दोघांना आत सोडलं. जनावरांकडे बघायला सांगोल्याकडचा एक धनगर होता. त्यानं जन्मभर मेंढरं राखलेली. तो गजांपुढे उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला.

"आक्का, मानूस म्हनावं तर कापडं न्हाईत, माकड म्हनावं तर शेपूट न्हाय. ह्येंला घालायचं काय? कडबा?"

"माझं डोकं घाल," मी म्हटलं आणि घरात जाऊन कालची भाकरी दुधात कुस्करून आणली. तेव्हापासून ती दोघं माझ्याच गळ्यात पडली.

सकाळी चहा. तो मिळाला नाही तर दोघं गज धरून अशी हलवत की शेजारच्या गाई दावं तोडायला बघत. मग दूधभाकरी, पेरू, बोरं, भाजलेल्या शेंगा. शेंगा सोलून द्यायला मी काही त्यांची सून नव्हते, ती आपली आपण सोलत. टरफलं मात्र भावाच्या अंगावर उडवत. नराचे सर्कशीतले संस्कार फार चांगले होते. तो खुर्चीवर बसे, बशीनं चहा पिई आणि जवळच्या गिरणीतल्या कुणी गजांतून विडी दिली तर पायावर पाय टाकून ओढी. मला माझ्या सासऱ्यांची आठवण होई. फक्त हा जास्त समजूतदार दिसे.

गिरणीचा भोंगा झाला की दोघं मिळून त्याच्यावर ताण करत. संध्याकाळी कडबा दिला की त्याची ताटं मोडून, गोल दाबून, निजायला ऐसपैस गादी करत. रोज नवी. कालच्या गादीवर निजणं त्यांना कमीपणाचं वाटे. आमच्या घरातल्या गाद्या आईच्या लग्नातल्या होत्या.

उरलेला सगळा वेळ ती दोघं एकमेकांचं डोकं बघत. डोकंच असं नाही, पाठ, बगला, कान, सगळंच. ती लहानखुरी होती, त्याच्याहून बरीच तरुण. ती त्याच्या मागे बसे, बोटांनी केस दुभागे, ओठ टकटक वाजवत एकेक जागा निरखी. तो डोळे मिटून बसे. मग पाळी बदले. उवा कुठल्या असायला? सर्कसवाल्यानं दोघांना साबणानं धुवून आणलं होतं. मला वाटे, रिकामपणाचे उद्योग आहेत, दुसरं काय.

उन्हाळा लागला तसे आम्ही गजांवर ओली पोती टाकू लागलो, आणि त्याच सुमारास एका शनिवारी कुणी बाई गाईला घास द्यायला आली, तिनं त्याला खुर्चीवर बसलेला पाहिला आणि हात जोडले. पुढच्या शनिवारी तेल आलं. त्याच्या पुढच्या शनिवारी शेंदूर आला. तो भला प्राणी, चहा देणाऱ्या जातीवर त्याचा विश्वास होता. गजांशी येऊन बसला आणि त्यानं कपाळाला, छातीला, दंडाला सगळीकडे शेंदूर फासून घेतला. नारळ दिला तर गजावर आपटून फोडी आणि पाणी पिऊन टाकी. लोक म्हणाले, बघा, नैवेद्य साक्षात ग्रहण करतो.

एका शास्त्रीबुवांनी शंका काढली की मारुतीला शेपूट कुठं आहे.

"लंकंत जळालं की," रांगेतली एक म्हातारी म्हणाली.

"आजी, लंका जळाली, शेपूट नाही जळालं."

"तुमी गेलता का बघायला?" म्हातारीनं विचारलं. शास्त्रीबुवा गेले नव्हते, त्यामुळे वाद तिथंच मिटला.

पांजरपोळाचे मुख्य विश्वस्त मोठे शेट एरवी वर्षातून एकदा नाकाला रुमाल लावून यायचे, ते आता दर शनिवारी येऊ लागले. मनानं माणूस वाईट नव्हता. त्यांचं दुकान चांगलं चाले आणि देव आपल्याच जागेत प्रकटला याचा त्यांना धन्य आनंद झाला होता. फक्त एक गोष्ट त्यांना खुपली.

"कारभारी," ते भावाला म्हणाले, "मारुतीराया ब्रह्मचारी. आणि ही बाई दिवसभर त्यांच्या मांडीला मांडी लावून बसते. भाविकांनी काय समजायचं?"

भावानं मान डोलावली. त्याच दुपारी मादीला फडक्यात गुंडाळून मागच्या वासरांच्या गोठ्यात नेली. मधे सगळं आवार आणि चिंचेची झाडं. एकाला दुसरं दिसणार नाही अशी नीट व्यवस्था केली. शिवाय असंही ठरलं की देवाला बायकांनी लांबूनच नमस्कार करायचा, आणि विधवेनं तर समोर फिरकायचंच नाही. देव माझ्या हातचा चहा बशीबशीनं प्यायला होता, तेव्हा बाटला नव्हता. आता माझ्या सावलीनं बाटणार होता. माझा असा संताप झाला की त्या दिवशी आमटीत मी दोनदा मीठ घातलं आणि भावानं ती नियमानं खाल्ली.

पहिल्या दिवशी तो ओरडला. दुसऱ्या दिवशी त्यानं खुर्ची मोडली. मग गप्प झाला. धनगर रोज ताटली तशीच परत आणी. "भाकरी न्हाय, पेरू न्हाय, च्या बी न्हाय. भिताडाकडं तोंड करून बसलाय. गादी बी करंना." दंडावरचे केस तो स्वतःच उपटू लागला होता, तिथं आता उघडी कातडी दिसे. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी पोटाचं औषध दिलं. तेही तसंच पडून राहिलं.

शेट गजांपुढे उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "अन्नत्याग केलाय. तप चाललंय."

ही बातमी गावात अशी पसरली की विचारू नका. आधी नुसता मारुती होता, आता उपाशी मारुती. रोजच रांग लागू लागली. तो जितका वाळत जाई, तितकी रांग वाढत जाई.

तिचं खाणंपिणं माझ्याकडेच होतं, कारण ती कुणाचीच देवी नव्हती. ती जेमतेम खाई आणि गजांतून हात बाहेर काढून तळवा वर करून धरी. मी पेरू ठेवला तर टाकून देई. एका दुपारी मी तशीच तिच्यापाशी टेकून बसले होते. तिनं माझा पदर धरला आणि खाली ओढला.

न्हावी पंधरवड्यानं यायचा आणि त्याची पाळी जवळ आली होती, म्हणजे डोक्यावर खुंट होते. माझी मान आखडली. डोक्यावरचा पदर मी भावासमोरही ढळू दिला नव्हता. तिला त्याचं काय? तिनं दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं, आपल्याकडे वळवलं आणि बोटांच्या टोकांनी खुंट बाजूला करून बघायला लागली. ओठ टकटक वाजत होते. कानामागे बघितलं, मानेवर बघितलं, पुन्हा टाळूवर आली. वस्तऱ्याशिवाय माझ्या डोक्याला कशाचा स्पर्श होऊन किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. लहानपणी आई मांडीवर डोकं घेऊन उवा बघायची, त्यानंतर हेच. मी वासरांच्या गोठ्यापुढे बसून मोठ्यानं रडले. तिनं काम थांबवलं नाही.

तेव्हा मला कळलं की तो कशानं मरतोय. ते रिकामपणाचे उद्योग नव्हते.

मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, "आक्का, शेटजींना हे कसं सांगू? मारुतीचं डोकं बघायला कुणी नाही म्हणून सांगू?"

"असंच सांग."

"हसतील."

हसतील हे खरंच होतं. म्हणून मी शहाणपणाचं बोलायचं सोडून दिलं.

हनुमान जयंतीला सूर्योदयाला जन्म करायचा असतो. उजाडायच्या आत पांजरपोळात मुंगीला वाट नव्हती. शेट रेशमी फेटा बांधून सुंठवड्याची परात घेऊन उभे. तो आत भिंतीशी आडवा पडला होता. पोट वरखाली होताना दिसत होतं, तेवढीच जिवंतपणाची खूण. लोक त्याच्यावर फुलं टाकत होते. मला वाटलं, आता वर हारही घालतील आणि तिरडीच बांधतील.

मी बायकांच्या रांगेतून सरळ पुढे गेले.

"बाई, मागे व्हा," शेट म्हणाले. "आजच्या दिवशी तरी..."

"होते. एवढं सांगा शेटजी, आज जन्म आहे ना? मग जन्म द्यायला आई कुठं आहे?"

"आई?"

"अंजनी. मागे वासरांच्या गोठ्यात कोंडून ठेवलीय ना तुम्ही? म्हणून त्यानं अन्न सोडलंय."

माझ्या मागून भाऊ कुजबुजला, "आक्का, ती त्याच्याहून लहान आहे."

"देवांची वयं काढू नये," मी म्हटलं.

तेवढ्यात ती शेपटीच्या वादातली म्हातारी पुढे झाली. "आगं बया! मायलेकरांची ताटातूट केली व्हय? आन् वर सुंठवडा वाटताय?" मग सगळ्याच बायका बोलू लागल्या. ब्रह्मचाऱ्याला बायको चालत नाही हे ठीक, पण आई चालत नाही असं कुठल्या पोथीत लिहिलंय, ते शास्त्रीबुवांनाही सांगता येईना. सूर्य वर यायला लागला. शेट शहाणे होते, त्यांनीच मोठ्यानं आज्ञा केली, "मातोश्रींना आणा!" जणू कल्पना त्यांचीच होती.

धनगर तिला कडेवर घेऊन आला. दार उघडताच ती उतरली आणि चार पायांवर त्याच्याकडे गेली. तो उठला नाही. मला वाटलं, उशीर झाला. ती त्याच्या पाठीशी बसली, त्याचा खांदा आपल्याकडे वळवला आणि ओठ टकटक वाजवायला लागली. आधी तिनं शेंदूर काढला. नखांनी खपली खपली खरवडली आणि बाहेर भाविकांच्या दिशेनं टाकली. लोकांनी ती प्रसाद म्हणून उचलली. मग ती उपटलेल्या दंडापाशी आली आणि तिथंच थांबून राहिली. बऱ्याच वेळानं त्याचा एक हात उठला, तिच्या गुडघ्यावर पडला आणि तिथले केस दुभागायला लागला.

दुपारी त्यानं तिच्या तोंडातला पेरूचा तुकडा काढून खाल्ला. संध्याकाळी दोघांनी गादी केली, वाकडीतिकडी, पण केली.

पुढे रांग ओसरली. शेंदूर खरवडून फेकणारी आई आणि पुन्हा विडी ओढणारा मुलगा यांच्यात लोकांना फारशी गोडी राहिली नाही. शेट पुन्हा वर्षातून एकदा रुमाल लावून येऊ लागले. सकाळचा चहा पुन्हा माझ्याकडे आला. मला वाटलं होतं, आता तिला माझ्या डोक्याची गरज उरली नाही. पण चहा पिऊन झाला की ती गजांतून हात काढी आणि माझा पदर ओढी.

न्हाव्याची पाळी आली तसा तो मागच्या अंगणात येऊन बसला. त्यानं वाटीत पाणी मागितलं. मी पाणी दिलं नाही, गूळशेंगा दिल्या आणि सांगितलं, आता येऊ नकोस.

भाऊ घाबरा झाला. "आक्का, लोक काय म्हणतील? मी काय सांगू?"

"सांग की मारुतीच्या आईला बघायला काहीतरी लागतं."

या खेपेला त्यानं नियम काढला नाही. न्हाव्याला दारापर्यंत पोचवून आला.

केस आले ते निम्मे पांढरेच आले. तिनं ते एकेक करून बाजूला केले आणि मुळापर्यंत नीट बघितले. उवा नव्हत्या. तरी ती ऊन अंगावर येईपर्यंत बघत राहिली.