बिलावरचं कारण

सोमाटण्याच्या त्या मेकॅनिकला गाडीखाली शिरण्याआधी टायरवर हलकी थाप मारायची सवय आहे, आजाऱ्याला धीर द्यावा तशी. माझ्या गाडीखालून बाहेर येत तो म्हणाला, "खड्ड्यानंच मोडलाय चाकाचा आर्म. फेकू नगा, पुरावा हाय." मोडका आर्म त्यानं फडक्यात बांधूनही दिला.

भरपाईच्या अर्जाला जोडायचं म्हणून मी बिलावर तेच कारण लिहून मागितलं. रस्ते खात्याच्या ज्या कचेरीत अर्ज द्यायचा, तिची जीप त्याच्याच दारात दुरुस्तीला उभी होती. बराच वेळ तो हात पुसत राहिला. मग 'खड्ड्यात आदळून' असं ठळक लिहून त्यानं सही केली.

"भाऊ, ही जीप उद्या जाईल. तवर अर्ज देऊ नगा."

अर्ज अजून माझ्या बॅगेतच आहे. येताजाता त्याच्या गॅरेजकडे बघतो. ती जीप गेली, पण कचेरीची दुसरी येऊन उभी राहिलीय.