घोरणं थांबलं तेव्हा

भूतखेत, चकवा, अंगात येणं... असलं काही मी मानत नाय. मैत्रिणी तसलं सांगायला लागल्या की मी उठूनच जाते. पण हे माझ्या स्वतःच्या दारात घडलं, म्हणून लिहितेय.

आम्ही पडेगावला राहतो. आमचे हे वाळूजला कंपनीत, कायम नाइट शिफ्ट. दिवसा झोपायचे आणि असं घोरायचे की मांडणीतली भांडी वाजावीत! तरी झोप पुरायची नाय. हातात घास धरून पेंगायचे... एकदा तर सिग्नलला गाडीवरच डोळा लागला. सासूबाई म्हणायच्या, "घोरतोय म्हंजी गाढ झोपलाय. झोपल्या माणसाला उठवू नये." मीही ऐकायची. मधेच घोरणं थांबलं की वाटायचं, चला, आता कुठं शांत झोप लागली.

मागच्या मे महिन्यात, दुपारी दोनची वेळ. फाटकाशी एक म्हातारे बाबा आले. एवढ्या उन्हात खांद्यावर घोंगडी, हातात काठी.

"मेंढरं पुढं गेली. पाणी दे माय."

मी तांब्या दिला. त्यांनी तोंडाला लावलाच नाय.

"आत कोण झोपलंय?"

"आमचे मालक."

"उठव त्यांला."

"रातपाळी करून आलेत, बाबा. आत्ता कुठं शांत झोपलेत."

"शांत?" बाबा खेकसलेच. "श्वास अडकलेलं मेंढरू कुणी झोपू देतं व्हय? जा!"

मला लई राग आला. तणतणतच आत गेले. बघते तर यांचे ओठ निळे, छाती हलत नाय! गदागदा हलवलं, ओरडले, दोन थोबाडीत दिल्या... तेव्हा कुठं यांनी मोठा श्वास ओढला. आणि वर मलाच, "मारतेस कशाला गं?" बारा वर्षांच्या संसारात इतकं गोड बोलणं मी ऐकलं नव्हतं.

बाहेर आले तर कुणी नाय. तांब्या कठड्यावर, तसाच भरलेला. समोरच्या भाभी शेवया वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "किस्से बातां कर रई थी तू? कोन बी नै आया."

माझं माहेर मेंढपाळाचं. मेंढरं गेली की वाटेत लेंड्या पडतातच. मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन पाहिलं — एक लेंडी नाय.

पुढं रात्रभराची तपासणी झाली. झोपेत श्वास थांबतो, स्लीप ॲप्निया म्हणतात त्याला. आता मशीनचा मास्क लावून झोपतात, पेंगणं बंद झालंय. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या मनालाच जाणवलं असेल." असेल बुवा! पण बारा वर्षं मनाला काही कळलं नाय, ते त्याच दुपारी कसं कळलं?

बाबा, तुम्ही कोण होतात ते माहीत नाय, पण माझं कुंकू तुम्ही राखलंत. मी तुमच्यावर चिडून आत गेले होते... तेवढं पोटात घाला.