पाइपाचा क्रूस

आमच्या जळगावच्या चर्चमधले एक भाऊ लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ, लागला की चहा सोडतात आणि ते सगळ्यांना चहाच्याच वेळी सांगतात. गुड फ्रायडेला क्रूस तेच वाहतात. क्रूस प्लास्टिकच्या पाइपाचा, वरून लाकडी रंग दिलेला. पण भाऊ असे कण्हतात की बाया डोळे पुसतात. मी घरातला पहिला पदवीधर, तरी तसं कण्हणं मला जमत नाही.

यंदा भर उन्हात उपासना सुटली. गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्या अक्का त्यांना म्हणाल्या, "भाऊ, माले घर सोडशी का?"

"मागच्या सीटवर क्रूस आहे, अक्का."

"मी मांडीवर धरसू ना. हलका तर शे."

"रंग निघेल," म्हणत भाऊंनी क्रूसाला सीटचा पट्टा बांधला आणि गाडी काढली.

अक्का माझ्या स्कूटरवर बसल्या. "बिचाराले क्रूस एकटालेच न्यावा लागस," म्हणाल्या.