रजिस्टरमधलं आडनाव

सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर, दिल्ली आम्ही पालथी घातली, असं मी नातवंडांना सांगतो. खरं म्हणजे त्या शहरांनीच आम्हाला लोळवलं. ग्वाल्हेरचा किल्ला चढताना मला धाप लागली होती, आणि ताजमहालापाशी चपलेचा अंगठा तुटला होता, तेवढंच ठळक आठवतं.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मित्र. दोघं नागपूरजवळच्या पारशिवनीचे, एकाच बाकावर शिकलेले, पुढे नागपुरात सदर भागातल्या एकाच ऑफिसात कारकून. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला होता. आमचं घर वरच्या आळीतल्या शेतकऱ्यांचं. कामठीच्या बाजारात लष्कराची जुनी, पाठीवर घ्यायची पिशवी मिळाली होती. दोघांत ती एकच, आळीपाळीनं वाहायची.

धर्मशाळेत रजिस्टर मात्र नेहमी तोच भरायचा, दोघांचंही. त्याचं अक्षर मोत्यासारखं, माझं म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. तिकडच्या लोकांना आमची आडनावं कळत नव्हती, त्यामुळे ती वाचून कुणाच्या कपाळावर आठी पडली नाही.

शेवटी ऋषिकेशला पोचलो तेव्हा माझ्या टाचांना फोड आले होते आणि जुलाबांनी जीव अर्धा झाला होता. गंगेचं पाणी समोर शांत वाहत होतं, पण मला त्याचाही राग येत होता. तीन ठिकाणी जागा नाही म्हणाले. चौथ्या, एका लहानशा योगाश्रमात, टेबलामागचा म्हातारा आमचं बोलणं ऐकून उभाच राहिला.

"नागपूरकडचे काय गा तुमी?"

उमेदीची सगळी वर्षं त्यानं सदरात काढली होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी घाबरलो. या माणसाला आमची आडनावं बरोबर कळणार होती. मित्र तोवर बाहेर नळावर पाय धुवायला गेला होता. मी रजिस्टर पुढे ओढलं आणि दोघांच्या नावांपुढे माझंच आडनाव लिहिलं.

"भाऊ आहोत," म्हणालो. मला फक्त आडवं व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पंगतीत म्हाताऱ्यानं मित्राला माझ्या आडनावानं हाक मारली. हाक मला आहे असं समजून तो माझ्याकडे बघू लागला. पुन्हा हाक आली, या खेपेला त्याच्या नावासकट. तो ताटावरून उठला नाही. भात संपवला, हात धुतले, आणि मला नदीवर घेऊन गेला.

"मले इचारलं काहून नाही?"

"थकून गेल्तो गा. चौथ्या जागीबी नाही म्हटलं असतं तं?"

"माहा बाप दीक्षेले पारशिवनीहून नागपूरले पायी गेल्ता," तो म्हणाला. "थकला तोबी असन."

तो आश्रमाकडे वळला, मी मागोमाग.

तो परत टेबलाशी आला, माझं आडनाव एका रेघेत खोडलं आणि वर आपलं लिहिलं. म्हाताऱ्यानं चष्मा लावून ते वाचलं. "अच्छा, भाऊ नाही का तुमी," म्हणाला, आणि संध्याकाळच्या वर्गाची वेळ सांगितली. बस, एवढंच झालं. आठी होती ती माझ्याच कपाळावर, आणि ती मी गावाहून सोबत आणली होती. फार लाज वाटली.

पुढचे चार दिवस शवासनात गुरुजी सांगायचे, अंग सैल सोडा. शेजारी मित्र शांत पडलेला असायचा. माझे दात आवळलेलेच राहायचे.

परतीच्या वाटेवर त्यानं पिशवीची आपली पाळी एकदाही चुकवली नाही. पाण्याचा तांब्याही आधी मलाच द्यायचा. हरिद्वारला, मग दिल्लीला, धर्मशाळेच्या टेबलाशी तो वाकून आपलं नाव लिहायचा, आणि पेन माझ्यापुढे धरायचा.

"तुहं तू लिही."