कानसाहेबांची फेरी

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापाशी सकाळी जेवढे गाईड उभे असत, त्यांत सगळ्यात जास्त भाव कानसाहेबांना होता. हे टोपणनाव त्यांना तरुणपणीच चिकटलं. कुठेतरी लांब एखादं हरीण एकदाच ओरडायचं आणि हे गाडी थांबवून सांगायचे, "डावीकडे, नाल्यापलीकडे. बिबट्या निघालाय, बसलेला नाही." आणि पठ्ठ्या खरोखर नाल्यातून चालत यायचा. पाहुणे घरी जाऊन बिबट्यापेक्षा कानसाहेबांच्याच गोष्टी जास्त सांगत.

आता खरं काय ते सांगून टाकू. गेली काही वर्षं कानसाहेबांना हरणाचं ओरडणं ऐकूच येत नव्हतं. इंजिनाची घरघर ऐकू यायची, बायकोने समोर उभं राहून केलेली तक्रार ऐकू यायची, ती चुकवण्याची सोय अजून कुणालाच झालेली नाही. पण बारीक आणि लांबचे आवाज गेले ते गेलेच. माणसांत ते ओठांकडे बघून वेळ मारून नेत. जंगलात मात्र त्यांच्या वाटचं ऐकायचा तो गाडी चालवणारा त्यांचा मेहुणा. आवाज आला की तो गाडीचा वेग किंचित कमी करायचा आणि ज्या बाजूने आवाज आला त्या बाजूच्या आरशाकडे बोट न्यायचा. कानसाहेब लगेच हात वर करत. "शू! ऐका." पाहुणे कान टवकारत आणि यांच्याकडे थक्क होऊन बघत. हे दोघांनी कधी ठरवलं नव्हतं की त्यावर एका शब्दाने बोलणं झालं नव्हतं. मेहुण्याने एके दिवशी सुरू केलं आणि यांनी ते मुकाट्याने चालू दिलं.

त्या दिवशी पहाटे डबा भरता भरता बायको त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"अहो, माझ्या धाकट्या भावाला गाईड करायचं म्हणतायत. आज संध्याकाळी अधिकारी शेवटचं विचारणार आहेत."

"मग होऊ दे की. मी कुठे अडवलंय?"

"तुमच्यासाठीच अडलाय तो. परवा मला म्हणाला, ताई, मी गेलो तर भाऊजींचं कसं होणार? आता लेकरू झालंय त्याला. किती दिवस नुसतं चाक फिरवायचं? तुम्ही स्वतःहून बोला त्याच्याशी."

"बोलतो," असं म्हणून कानसाहेब बुटाची नाडी बांधत बसले. ती एरवीपेक्षा जास्तच वेळ बांधली.

मेहुणा गाईड झाला की गाडीवर दुसरा ड्रायव्हर येणार, आणि त्याला आठ दिवसांत सगळा प्रकार कळणार. मग काय? या वयात दुसरं कुठलं काम? त्यांना भीती वाटत होती आणि भीती वाटते याची लाजही वाटत होती. दोन्ही पोटात घेऊन ते गाडीत मेहुण्याशेजारी बसले आणि बोलले ते एवढंच, "टायरात हवा बघितलीस का?"

"बघितली, भाऊजी." मेहुण्याचे डोळे तारवटले होते. लेकराने रात्रभर त्याला झोपू दिलं नव्हतं.

मागे एक जोडपं होतं. यजमानांच्या गळ्यात भलामोठा कॅमेरा आणि बाईंच्या मांडीवर खाण्याची पिशवी. दिवसभराची फेरी होती. कानसाहेबांनी ठरलेल्या झाडापाशी ठरलेली माहिती सांगितली, ठरलेल्या वळणावर ठरलेला विनोद केला. पाहुणे हसले. आपण मात्र या विनोदावर शेवटचे कधी हसलो होतो, ते काही त्यांना आठवेना. धूळ नाकातोंडात जात होती, पाठ दुखत होती. हरणं दिसली, माकडं दिसली, एक मोर इकडून तिकडे गेला. बिबट्याचा पत्ता नव्हता. यजमान दर थोड्या वेळाने घड्याळ बघत होते, जणू बिबट्याने येण्याची वेळ कळवली होती. प्रत्येक वळणावर कानसाहेब मनाशी म्हणत, आता बोलू, आणि वळण मागे पडे.

दुपारी त्यांनी तळ्याकाठी सावलीत गाडी उभी केली. उन्हात अशी वाट बघत बसणं हाही कामाचाच भाग. थोड्या वेळाने मेहुण्याची मान छातीवर पडली. झोपू दे बिचाऱ्याला, असं वाटून कानसाहेबांनी त्याला उठवलं नाही.

तेवढ्यात बाईंनी त्यांच्या खांद्याला हात लावला. ते वळले. "अहो, ते मागे काय ओरडतंय?" बाईंनी विचारलं.

कानसाहेबांनी मान तिरकी केली. सगळीकडे चिडीचूप. मेहुण्याला हलवून विचारता आलं असतं, पण पाहुण्यांदेखत ड्रायव्हरला विचारायचं? ते जिवावर आलं.

"पक्षी आहे," ते ठासून म्हणाले. "दुपारी ओरडतो तो असाच."

बाईंनी पुन्हा पिशवीत हात घातला. थोड्या वेळाने मेहुणा दचकून जागा झाला, त्याने मागे वळून बघितलं आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. त्याने गाडी सुरू करून वळवली. मागच्या वाटेवर दुसरी एक गाडी उभी होती आणि तिच्यातले लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. बिबट्या मादी आपल्या दोन पिल्लांना घेऊन रस्ता ओलांडून गेली होती. हरणं कितीतरी वेळ कोकलत होती म्हणे.

"पक्षी?" यजमान भडकले. "पक्षी म्हणालात ना तुम्ही?"

उत्तर कानसाहेबांनी द्यायचं होतं. बोलला तो मेहुणा. "चूक माझी आहे, साहेब. भाऊजींनी मला खुणेने गाडी वळवायला सांगितलं होतं. मला झोप लागली. तुम्ही घाबरू नये म्हणून ते पक्षी म्हणाले."

हे ऐकून कानसाहेबांना हायसं वाटलं. खरंच वाटलं. परतीच्या वाटेवर तेच त्यांना जास्त टोचत राहिलं.

फाटकापाशी पोहोचताच यजमान थेट अधिकाऱ्यांच्या खोलीत शिरले. पाठोपाठ सगळेच गेले. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मेहुण्याकडे बघितलं. "कामावर झोपतोस? गाईडने सांगितलेलं करत नाहीस? आणि तुला मी गाईड करायला निघालो होतो. तो विषय आता संपला."

मेहुणा खाली बघत होता. त्याने एकदाही कानसाहेबांकडे नजर वळवली नाही.

"साहेब, तो खोटं बोलतोय," कानसाहेब म्हणाले. "मी त्याला काही सांगितलंच नाही. मला ऐकूच आलं नाही. मला बरीच वर्षं ऐकू येत नाही. तो ऐकतो, मी नुसता हात वर करतो."

अधिकारी हसले. "कानसाहेब, मेहुण्यासाठी एवढं? तुम्हाला ऐकू येत नाही, हे दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

"भाऊजी, राहू द्या," मेहुण्याचे ओठ हलले.

आयुष्यभर कमावलेलं नाव असं आडवं येईल, हे कानसाहेबांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी एकदा कपाळ पुसलं. "साहेब, तुम्ही खिडकीकडे तोंड करा. माझ्याकडे पाठ करा आणि रोजच्या आवाजात मला काहीही विचारा."

अधिकारी खांदे उडवून उठले आणि खिडकीकडे वळले. कानसाहेबांना दिसत होती ती फक्त घामाने ओली झालेली सदऱ्याची पाठ. ते ताठ उभे राहिले. विचारून झालं की अजून विचारायचंय, तेही कळत नव्हतं. त्यांनी बाजूला बघितलं. यजमानांनी कॅमेऱ्यावरचा हात काढला होता. बाईंनी पदर तोंडाला लावला होता. मेहुणा भिंतीकडे तोंड फिरवून डोळे पुसत होता.

म्हणजे विचारून झालं होतं.

अधिकारी वळले. कानसाहेबांच्या अगदी जवळ आले आणि एकेक शब्द सुटा करत, लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाले, "बसा. पाणी. घ्या."

कानसाहेब बसले. मेहुण्याने पेला भरून समोर धरला आणि तोही तसाच, तोंड मोठं उघडून, सावकाश म्हणाला, "घ्या. भाऊजी."